जेनेट कान आणि डीसी कॉमिक्समधील रॉयल्टीचा निर्णय

जेनेट कान यांचे नाव कॉमिक्सच्या इतिहासात बहुधा एका वाक्यापुरते येते. फेब्रुवारी १९७६ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्या सुपरमॅन आणि बॅटमॅन यांचे अंक काढणाऱ्या डीसी या न्यूयॉर्कमधील कंपनीच्या प्रकाशक झाल्या, आणि १९८१ मध्ये तिच्या अध्यक्ष झाल्या, एवढे सांगून लेखक पुढे जातात. या व्यवसायात एवढ्या मोठ्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या काही स्त्रियांपैकी होत्या, हे खरेच आहे. पण त्यांचे वय आणि त्यांचे स्त्री असणे एवढ्यावरच नजर थांबली, तर त्यांनी घेतलेला एक अवघड निर्णय झाकला जातो. पुढील मांडणी त्या निर्णयापुरती आहे: १९७८ मध्ये कंपनीची विस्तार-योजना कोसळल्यानंतर अवघ्या तीन-चार वर्षांत, लेखक आणि चित्रकार यांना विक्रीतला वाटा देण्याचे कंपनीने का ठरवले, ते कशामुळे शक्य झाले, आणि तो निर्णय नेमका कुठे अपुरा पडला.

कंपनीची आधीची घडी

अमेरिकेतील कॉमिक्सचा धंदा १९३० च्या दशकापासून पृष्ठदरावर चालत होता. लेखकाला पटकथेच्या पानामागे ठरलेली रक्कम मिळे, पेन्सिलने चित्र काढणाऱ्याला वेगळी, त्यावर शाई फिरवणाऱ्याला वेगळी, आणि पैसे हातात पडले की त्या पानाशी त्यांचा संबंध संपला असे मानले जाई. अंक दहा हजार खपो की दहा लाख, करणाऱ्याच्या मिळकतीत फरक पडत नसे. हक्क सोडण्याचा मजकूर अनेकदा चेकच्या पाठीमागे शिक्का मारून छापलेला असे; चेक वटवायचा तर त्याच मजकुराखाली सही करावी लागे, म्हणजे घरखर्चाची निकड आणि हक्कांचा त्याग एकाच सहीत उरकले जात. १९३८ मध्ये जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅन १३० डॉलरला विकला, तो याच रीतीने. पुढे त्या पात्रावर रेडिओ, चित्रपट, दूरचित्रवाणी आणि खेळणी यांचे साम्राज्य उभे राहिले, आणि निर्माते मात्र उतारवयात आर्थिक विवंचनेत दिवस काढत होते.

डिसेंबर १९७५ मध्ये, म्हणजे कान यांच्या नेमणुकीच्या जेमतेम दोन महिने आधी, या प्रकरणावर तोडगा निघाला. चित्रकार नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन यांनी वृत्तपत्रांतून आणि व्यंगचित्रकारांच्या संघटनांतून उठवलेल्या आवाजामुळे कंपनीच्या मालकांनी सीगल व शूस्टर यांना वर्षाला प्रत्येकी २०,००० डॉलरचे निवृत्तिवेतन देऊ केले, आणि सुपरमॅनचे निर्माते म्हणून त्यांची नावे पुन्हा छापण्याचे मान्य केले. हा तोडगा कान यांनी घडवलेला नाही, आणि त्याचे श्रेय त्यांना देऊ नये. तरीही त्या ज्या कार्यालयात पाऊल ठेवणार होत्या, तिथे हा विषय नुकताच जाहीरपणे गाजलेला होता. धंद्याचे मूळच अन्यायावर उभे आहे, ही गोष्ट आता वाचकांनाही कळली होती, आणि अशी जाणीव एकदा झाली की ती मिटत नाही.

वितरणाची स्थितीही वाईट होती. अंक वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर, औषधांच्या व किराण्याच्या दुकानांत विकले जात आणि न खपलेले अंक परत करण्याची मुभा असे. तीस-पस्तीस सेंटच्या अंकावर दुकानदाराला सुटणारे पैसे इतके थोडे, की त्या जागी महागडे मासिक ठेवणे त्याला अधिक परवडे. गठ्ठे न सोडताच परत जात. पुढे पुढे अंक प्रत्यक्ष परत पाठवण्याची अटही राहिली नाही. इतके अंक खपले नाहीत असे वितरकाने लिहून दिले की तेवढे पैसे वजा होत. आपला अंक खरोखर किती खपला, हे प्रकाशकालाही खात्रीने सांगता येत नसे. हा तपशील इथे मुद्दाम नोंदवतो, कारण विक्रीवर आधारलेली रॉयल्टी द्यायची तर आधी विक्रीच्या आकड्यावर दोन्ही बाजूंचा विश्वास हवा.

या सगळ्याच्या जोडीला स्पर्धेचा प्रश्न होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मार्व्हल या प्रतिस्पर्धी कॉमिक्स कंपनीने डीसीला खपात मागे टाकले होते. डीसीची मालकी वॉर्नर कम्युनिकेशन्स या बड्या समूहाकडे होती, आणि चित्रपट व संगीत यांतून मोठी कमाई करणाऱ्या त्या समूहाच्या हिशेबात अंकांचा धंदा अगदी किरकोळ होता. मोल होते ते पात्रांना. सुपरमॅनचा मोठा चित्रपट तयार होत होता. डबे, टी-शर्ट, खेळणी यांच्या परवान्यांचे पैसे येत होते. अंक छापण्यातून फारसे काही सुटत नाही, मग ते छापावेत तरी कशाला, हा प्रश्न अशा समूहात केव्हाही विचारला जाऊ शकत होता.

बाहेरून आलेली प्रकाशक

कान या कॉमिक्सच्या धंद्यात वाढलेल्या नव्हत्या. रॅडक्लिफमध्ये कलेतिहासाचे शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी मुलांसाठी मासिके काढली. त्यांपैकी पहिले ‘किड्स’. त्यातला मजकूर आणि चित्रे मुलांचीच असत. त्यानंतर स्कॉलॅस्टिकसाठी त्यांनी १९७४ मध्ये ‘डायनामाइट’ सुरू केले, ते शाळांमधून होणाऱ्या विक्रीतून प्रचंड खपले. झेरॉक्सच्या शैक्षणिक प्रकाशन विभागासाठी काढलेले ‘स्मॅश’ हे तिसरे. वॉर्नरच्या प्रकाशन विभागाचे प्रमुख बिल सारनॉफ यांनी त्यांना डीसीत आणले ते या अनुभवाच्या बळावर.

कार्मिन इन्फँटिनो यांना दूर करून ही जागा रिकामी झाली होती. इन्फँटिनो स्वतः नामांकित चित्रकार. त्यांच्या जागी कॉमिक्सच्या एकाही पानावर काम न केलेली तरुण स्त्री येते, हे कार्यालयातल्या अनुभवी मंडळींना सहज पचण्यासारखे नव्हते. निर्मितीची सूत्रे वर्षानुवर्षे हाताळणारे सॉल हॅरिसन त्याच वेळी कंपनीचे अध्यक्ष झाले, म्हणजे पहिली पाच वर्षे कान यांच्याकडे प्रकाशकाची खुर्ची होती, पण एकहाती सत्ता नव्हती. त्यांच्या सुरुवातीच्या निर्णयांकडे पाहताना ही वाटणी लक्षात ठेवावी लागते.

माझ्या मते त्यांचे बाहेरून येणेच निर्णायक ठरले. जिने दहा वर्षांच्या मुलाची गोष्ट छापली, तिला वीस वर्षे अंक लिहिणाऱ्या माणसाचा त्या अंकात काहीही वाटा नाही ही रीत स्वाभाविक वाटणे कठीण होते. धंद्यात मुरलेल्या माणसाला जे नियम हवापाण्यासारखे वाटतात, ते तिला नियम म्हणून दिसत होते. हा माझा तर्क आहे, त्यांचे विधान नव्हे. पण पुढे घडलेल्या गोष्टी या तर्काशी जुळतात.

पहिल्या दोन वर्षांत त्यांनी जे केले ते मुख्यतः बाह्यरूपाचे होते. कंपनीचे अधिकृत नाव नॅशनल पीरिऑडिकल पब्लिकेशन्स असे होते. वाचक तिला डीसी म्हणत, म्हणून १९७७ मध्ये तेच नाव अधिकृत झाले. मिल्टन ग्लेझर यांच्याकडून नवे बोधचिन्ह करवून घेतले गेले, ते २००५ पर्यंत मुखपृष्ठांवर राहिले. ऐंशी पानांचा एक डॉलरचा जाड अंक हा त्यांचा आणखी एक प्रयोग. किंमत वाढली की दुकानदाराला अंक मांडावासा वाटेल, हा त्यामागचा हिशेब होता, आणि तो तर्कशुद्धही होता.

१९७८ चा उन्हाळा

याच हिशेबाची पुढची पायरी म्हणजे १९७८ ची विस्तार-योजना. तिला ‘डीसी एक्स्प्लोजन’ असे नाव देण्यात आले. अंकाची किंमत ३५ सेंटवरून ५० सेंट करायची, त्या बदल्यात कथेची पाने १७ वरून २५ करायची, आणि सोबत नव्या मालिकांची मोठी फळी उतरवायची, अशी ती योजना होती. किंमत वाढवताना पाने कमी करत जाणे ही तोवरची रीत. वाचकाला जास्त पैशांत खरोखर जास्त देणे ही कल्पना प्रामाणिक होती. कान यांनी अंकांतून स्वतःच्या सहीचे निवेदन छापून ती वाचकांपुढे मांडली. त्या निवेदनांचा सूर आजही वाचनीय वाटतो, कारण त्यात प्रकाशक वाचकाशी बरोबरीच्या नात्याने बोलते.

योजना मात्र टिकली नाही. १९७७ आणि १९७८ च्या हिवाळ्यांत अमेरिकेच्या ईशान्य व मध्य भागांत जबर हिमवादळे झाली; रस्ते बंद पडले, मालमोटारी अडकल्या, आणि अंकांचे गठ्ठे दुकानांपर्यंत पोहोचलेच नाहीत. विक्रीचे वाईट आकडे वॉर्नरच्या वरिष्ठांपुढे आले, ते नेमके विस्तार सुरू होत असताना. जून १९७८ मध्ये, वाढीव पानांचे पहिले अंक जेमतेम स्टॉलवर लागले असताना, वरून आदेश आला आणि डीसीने मालिकांची फार मोठी कपात जाहीर केली. कर्मचाऱ्यांना काढण्यात आले. धंद्यातल्या लोकांनी ‘एक्स्प्लोजन’ला लगेच ‘इम्प्लोजन’ म्हणायला सुरुवात केली, आणि तेच नाव इतिहासात राहिले.

कपातीची खोली एका गोष्टीवरून कळते. बंद करायच्या अंकांच्या यादीत ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ही होते. १९३७ मध्ये सुरू झालेली ही मालिका; कंपनीच्या नावातली डी आणि सी ही अक्षरे तिच्यावरूनच आलेली, आणि बॅटमॅनचा जन्मही तिच्यातच झालेला. शेवटी अधिक खपणाऱ्या ‘बॅटमॅन फॅमिली’चा मजकूर तिच्यात मिसळून तिला वाचवण्यात आले. ज्या मालिका वाचल्या नाहीत, त्यांचे काढून तयार असलेले पण कधीच छापले न गेलेले भाग कार्यालयातील यंत्रावर कृष्णधवल प्रती काढून दोन खंडांत बांधले गेले. अवघ्या ३५ प्रती निघाल्या. कायद्याने हक्क शाबूत राहावेत हा त्यामागचा उद्देश, आणि ज्यांनी ते काम केले होते त्यांना एकेक प्रत मिळाली. ‘कॅन्सल्ड कॉमिक कॅव्हलकेड’ हे त्या खंडांचे नाव. वर्षभराची मेहनत अशी झेरॉक्सच्या गठ्ठ्यात हाती येणे किती जिव्हारी लागले असेल, याची कल्पना चित्रकारालाच येऊ शकते.

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सुपरमॅनचा चित्रपट प्रदर्शित झाला आणि तुफान चालला. एकाच समूहात, एकाच वर्षी, पात्राने अमाप पैसा मिळवला आणि ते पात्र महिन्यामागून महिना जिवंत ठेवणारा विभाग निम्म्यावर आला. या दोन घटना शेजारी ठेवल्या की कंपनीचा खरा आजार दिसतो.

अपयशाचा अर्थ कसा लावला गेला

अपयशाचे सोपे स्पष्टीकरण उपलब्ध होते. हवामान वाईट, वितरण वाईट, मालक अधीर. प्रकाशकाचा दोष नाही. हे खोटे नव्हते. पण त्या स्पष्टीकरणावर कान थांबल्या असत्या, तर पुढील प्रयत्न पुन्हा किंमत, पाने आणि मालिकांची संख्या यांच्याभोवतीच फिरला असता. प्रत्यक्षात १९७८ नंतर त्यांनी संख्येचा नाद सोडला, असे दिसते. अंक पुन्हा १७ पानांचे आणि ४० सेंटचे झाले, मालिका मोजक्या राहिल्या, आणि प्रश्न वेगळ्या ठिकाणी सरकला: उत्तम माणसे इथे उत्तम काम का करत नाहीत?

त्याचे उत्तर धंद्यातला प्रत्येक जण खाजगीत देत होता. ज्याच्याकडे नवे, दमदार पात्र सुचले आहे, त्याने ते कंपनीला का द्यावे? दिले तर पृष्ठदर तोच, आणि पात्र कायमचे कंपनीचे. म्हणून अनुभवी माणसे नव्या कल्पना स्वतःजवळ ठेवत आणि जुन्याच पात्रांवर रोजचे काम उरकत. पृष्ठदराच्या पद्धतीत घाईला बक्षीस होते, कसाला नव्हते. माझ्या समजुतीने या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे: अन्याय दूर करणे आणि अंक सुधारणे ही दोन वेगळी उद्दिष्टे नव्हती. ज्यांना हे वेगळे वाटले, त्यांनी रॉयल्टीकडे खर्च म्हणून पाहिले. कान यांनी तिच्याकडे निर्मितीचे साधन म्हणून पाहिले.

बाहेरची परिस्थितीही याच दिशेने ढकलत होती. १ जानेवारी १९७८ पासून अमेरिकेत नवा कॉपीराइट कायदा लागू झाला. मोबदल्यावर करून घेतलेले काम कंपनीच्या मालकीचे ठरवायचे, तर मुक्तपणे काम करणाऱ्या चित्रकाराकडून तसा सही केलेला लेखी करार असणे आता आवश्यक झाले. चेकच्या मागचा शिक्का पुरेसा राहिला नाही. कंपन्या करार पुढे करू लागल्या, आणि वर्षानुवर्षे सवयीने सही करणाऱ्यांनी प्रथमच तो मजकूर नीट वाचला. नील अ‍ॅडम्स यांनी त्याच वर्षी कॉमिक्समधील लेखक-चित्रकारांची संघटना उभारण्याचा प्रयत्न केला. तो यशस्वी झाला नाही, कारण पृष्ठदरावर जगणाऱ्या माणसाला काम थांबवणे परवडत नाही. पण मागण्या उघडपणे मांडल्या गेल्या.

दुसरा बदल बाजारात होत होता. फिल सूलिंग या न्यूयॉर्कच्या विक्रेत्याने १९७३ च्या सुमारास प्रकाशकांशी वेगळ्या अटींवर व्यवहार सुरू केला होता: सवलत जास्त, पण अंक परत नाहीत. या पद्धतीवर फक्त कॉमिक्स विकणारी दुकाने देशभर वाढत गेली. दुकानदार आधी मागणी नोंदवतो, प्रकाशक त्यानुसार छापतो, आणि विकलेला अंक विकलेलाच राहतो. स्टॉलच्या विक्रीत जो आकडा कधीच धड हाती लागत नव्हता, तो इथे छपाईच्या आधीच कागदावर असे. विक्रीचा वाटा मोजून देण्याची कल्पना व्यवहारात उतरू शकली, ती मोठ्या प्रमाणात या बदलामुळे, असे मला वाटते. याच दुकानांच्या भरवशावर छोटे प्रकाशकही उभे राहिले. १९८१ मध्ये सॅन दिएगोच्या पॅसिफिक कॉमिक्सने जॅक कर्बी या ज्येष्ठ चित्रकाराची नवी मालिका काढली, आणि तिची मालकी कर्बी यांच्याकडेच राहिली. चांगल्या चित्रकाराला आता जायला दुसरे दार होते.

निर्णय आणि तो राबवणारे

१९८० मध्ये डिक जिओर्दानो डीसीत परतले. ते स्वतः चित्रकार, शाईचे काम करणारे निष्णात, आणि अनेक वर्षे नील अ‍ॅडम्स यांच्यासोबत स्टुडिओ चालवलेले. त्यामुळे मुक्त चित्रकाराचे आयुष्य त्यांना आतून ठाऊक होते. पॉल लेव्हिट्झ हे वाचकांचे पत्रक काढणारा मुलगा म्हणून विद्यार्थिदशेतच डीसीत शिरलेले. करार, वितरण आणि हिशेब यांवर त्यांची पकड होती. सॉल हॅरिसन निवृत्त झाले, १९८१ मध्ये कान अध्यक्ष झाल्या, आणि या तिघांच्या हाती कारभार एकवटला. जे १९७६ मध्ये शक्य नव्हते ते आता शक्य झाले, याचे एक कारण एवढे साधे आहे.

१९८१ च्या अखेरीस डीसीने रॉयल्टीची योजना जाहीर केली. अंकाची विक्री १,००,००० प्रतींच्या पुढे गेली, की त्यापुढील प्रतींवर लेखक आणि चित्रकार यांना वाटा मिळणार होता. मराठी ग्रंथव्यवहारात लेखकाला छापील किमतीवर टक्केवारीने रॉयल्टी मिळते, ती पहिल्या प्रतीपासून. इथे ती लाखाच्या उंबरठ्यापलीकडे सुरू होत होती, आणि पृष्ठदर त्याआधी मिळालेलाच असे. वाटा मोठा नव्हता, आणि त्या काळात अनेक अंक तो उंबरठा ओलांडतही नसत. तरीही पन्नास वर्षांच्या धंद्यात एका मोठ्या कंपनीने प्रथमच मान्य केले, की अंक जास्त खपला तर त्याचे काही श्रेय आणि काही पैसे तो करणाऱ्याचे आहेत. मार्व्हललाही लगेचच आपली योजना जाहीर करावी लागली. एका कंपनीच्या निर्णयाने संपूर्ण व्यवसायाची रीत बदलली, ती अशी.

परिणाम कुठे दिसला? मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांची ‘द न्यू टीन टायटन्स’ ही १९८० मध्ये सुरू झालेली मालिका डीसीची सर्वाधिक खपणारी ठरली होती. जॉर्ज पेरेझ मार्व्हलमध्ये नाव कमावून आलेले. नव्या योजनेचा लाभ अशा मालिकेला मिळणे स्वाभाविक होते, आणि तो मिळतो आहे हे इतर चित्रकारांना दिसणे त्याहून महत्त्वाचे होते. १९८२ मध्ये ‘कॅमलॉट ३०००’ ही बारा अंकांतच संपणारी मालिका केवळ कॉमिक्सच्या दुकानांसाठी काढली गेली. न संपणाऱ्या मालिकेऐवजी सुरुवात-मध्य-शेवट असलेली एकसंध कथा, ही कल्पना त्या धंद्याला नवीन होती, आणि पुढे पुस्तकरूपाने दीर्घकाळ विकले जाणारे साहित्य तिच्यातूनच निघाले.

फ्रँक मिलर हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. मार्व्हलमध्ये ‘डेअरडेव्हिल’मुळे ते अत्यंत लोकप्रिय झाले होते. कान यांनी त्यांना बोलावले आणि त्यांना जे करायचे आहे ते त्यांच्या अटींवर करण्याची मुभा दिली. १९८३-८४ मध्ये आलेल्या ‘रोनिन’चे सहा अंक चांगल्या कागदावर, जाहिरातींविना छापले गेले, आणि त्याचा कॉपीराइट मिलर यांच्याकडे राहिला. बॅटमॅनच्या कंपनीने परक्या मालकीची मालिका छापावी, हे पाच वर्षांपूर्वी कोणी मनातही आणले नसते. ‘रोनिन’चे स्वागत संमिश्र झाले. पण त्या विश्वासातून मिलर डीसीत राहिले, आणि १९८६ मध्ये त्यांनी ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ दिले. बॅटमॅनकडे पाहण्याची साऱ्या जगाची दृष्टी त्यामुळे बदलली.

जॅक कर्बी यांची खेळणी

या प्रकरणातला एक छोटा व्यवहार मला मोठमोठ्या यशांपेक्षा बोलका वाटतो. जॅक कर्बी यांनी १९७० च्या सुमारास डीसीसाठी ‘न्यू गॉड्स’ आणि तिच्याशी जोडलेल्या मालिका निर्माण केल्या. डार्कसाइड हा खलनायक त्यांतलाच. त्या मालिका लवकर बंद पडल्या, पात्रे जुन्या रीतीने कंपनीची झाली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर केनर या खेळण्यांच्या कंपनीने डीसीच्या पात्रांच्या बाहुल्या काढल्या, आणि त्यांत कर्बी यांची पात्रेही होती. कराराच्या अक्षरानुसार कर्बी यांना एक पैसाही देणे लागत नव्हते, कारण पात्रे जुन्या करारातली होती.

कान आणि लेव्हिट्झ यांनी त्यावर मार्ग काढला. कर्बी यांना त्यांच्याच पात्रांची नवी रेखाटने करायला सांगण्यात आले. रेखाटने नव्या करारात बसत होती, आणि त्यामुळे खेळण्यांच्या विक्रीतला वाटा त्यांना कायदेशीरपणे देता आला. चित्राच्या दृष्टीने या नव्या रेखाटनांची फारशी गरज नव्हती. वाटा देण्यासाठी निमित्त हवे होते, म्हणून ती करवून घेतली गेली. त्याच काळात कर्बी मार्व्हलशी स्वतःचीच मूळ चित्रे परत मिळवण्यासाठी झगडत होते. चाळीस-पन्नास वर्षे या धंद्यासाठी राबलेल्या त्या माणसाला आपल्या पात्रांच्या विक्रीतून वाटा मिळाला, तो डीसीकडून. एखादी संस्था न्याय करू इच्छिते की नाही, हे तिच्या जाहीरनाम्यांपेक्षा अशा ठिकाणी अधिक स्पष्ट दिसते, जिथे तिला काहीच करण्याची सक्ती नसते.

निर्णय अपुरा कुठे पडला

रॉयल्टी म्हणजे मालकी नव्हे, आणि हा फरक ‘वॉचमेन’च्या वेळी उघडा पडला. लेखक अ‍ॅलन मूर आणि चित्रकार डेव्ह गिबन्स यांची ही बारा अंकांची मालिका १९८६-८७ मध्ये आली. पुस्तक छपाईबाहेर गेले आणि ठरावीक काळ पुन्हा निघाले नाही, की हक्क निर्मात्यांकडे परत जातील, असे कलम करारात होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे पाहिले तर हे कलम उदार होते. मालिका संपते, वर्ष-दोन वर्षांत विस्मरणात जाते, आणि हक्क परत येतात. पण ‘वॉचमेन’ पुस्तकरूपाने अखंड विकले गेले, कधी छपाईबाहेर गेलेच नाही, आणि हक्क परत येण्याची वेळ आलीच नाही. ज्या नव्या बाजारामुळे रॉयल्टी शक्य झाली, त्याच बाजाराने हे कलम निरुपयोगी केले. कंपनीने अक्षर मोडले नाही, हे खरे. पण सही करताना मूर यांना जे समजले होते त्याची भरपाई त्याने होत नाही. करार नव्या परिस्थितीत पुन्हा उघडून पाहण्याची जी तयारी कर्बी यांच्या बाबतीत दिसली, ती इथे दिसली नाही. प्रौढ वाचकांच्या अंकांवर वर्गवारीची चिठ्ठी लावण्याच्या प्रस्तावावरूनही त्याच सुमारास मिलर, मूर, वुल्फमन आणि हॉवर्ड चेकिन यांनी जाहीर विरोध केला. मूर यांनी डीसीसाठी नवे काम करणे थांबवले. कान यांच्या कारकिर्दीतले हे सर्वांत मोठे नुकसान होते, असे मी मानतो.

जुन्या हिशेबांपैकीही काही तसेच राहिले. बॅटमॅन घडवण्यात मोठा वाटा असलेले बिल फिंगर १९७४ मध्ये वारले, आणि पात्राचा निर्माता म्हणून केवळ बॉब केन यांचे नाव छापले जात राहिले. केन यांचा जुना करार आड येत होता, हे कारण होते. पण फिंगर यांचे नाव अधिकृतपणे जोडले गेले ते २०१५ मध्ये, कान कंपनी सोडून गेल्यानंतर तेरा वर्षांनी.

मालकीच्या प्रश्नावर डीसीने पुढे गेलेले पाऊल टाकले ते १९९३ मध्ये, दोन वेगळ्या मार्गांनी. कॅरन बर्गर १९७९ मध्ये सहायक म्हणून रुजू झाल्या होत्या; त्यांच्या संपादनाखाली ‘व्हर्टिगो’ ही स्वतंत्र शाखा सुरू झाली, आणि तिथे निर्मात्यांच्या मालकीच्या मालिकांना नियमित जागा मिळाली. दुसरा मार्ग माइलस्टोनचा. ड्वेन मॅकडफी, डेनिस कोवन, मायकेल डेव्हिस आणि डेरेक डिंगल या कृष्णवर्णीय निर्मात्यांनी आपली कंपनी उभी केली. तिचे अंक छापण्याची व बाजारात पोहोचवण्याची जबाबदारी डीसीने घेतली, आणि पात्रांचा कॉपीराइट माइलस्टोनकडेच राहिला. ‘हार्डवेअर’, ‘ब्लड सिंडिकेट’, ‘आयकॉन’ आणि ‘स्टॅटिक’ या चार मालिकांनी सुरुवात झाली. या व्यवस्थेतही मतभेद झाले, विशेषतः ‘स्टॅटिक’च्या एका मुखपृष्ठावरून, आणि १९९७ मध्ये माइलस्टोनने अंक काढणे थांबवले. तरी पात्रे त्यांच्या निर्मात्यांची राहिली, आणि ‘स्टॅटिक’वर २००० मध्ये सुरू झालेली दूरचित्रवाणी-मालिका त्या मालकीसह आली.

कान यांनी २००२ मध्ये डीसी सोडली आणि त्या चित्रपटनिर्मितीकडे वळल्या. अध्यक्षपद पॉल लेव्हिट्झ यांच्याकडे गेले. २०१९ मध्ये कॉमिक्स क्षेत्रातल्या आयझ्नर पुरस्कारांच्या मानकऱ्यांच्या दालनात दोघांची निवड एकाच वर्षी झाली.